प्रश्न आपणही विचारू या

जूचंद्रची एक मुलगी मूत्रपिंडतज्ज्ञाच्या जागेसाठी एका खाजगी रुग्णालयात मुलाखतीला गेली. पहिलाच प्रश्न आला, "लग्न कधी करणार?" तिने निमूट उत्तर दिले. स्वतः मात्र पगाराखेरीज काहीच विचारले नाही.

मैत्रिणींनो, विचारायला हवे होते. डायलिसिसची एक पाळी सुमारे ४ तासांची, आणि रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येणार. मग तज्ज्ञ किती? रात्री बोलावणे आले तर गाडी कोण पाठवणार? वसई-दिवा मार्गावर लोकल मोजक्याच! रात्रपाळीत विसाव्याला आतून कडी लागणारी खोली आहे का? १९७३ साली केईएममध्ये अरुणा शानबागवर हल्ला झाला तो कपडे बदलताना. २०२४ साली कोलकात्यात डॉक्टर मुलीचा जीव गेला तो सेमिनार हॉलमध्ये विसावली असताना. दोघीही कामाच्याच जागी होत्या.

१० कर्मचारी असतील तिथे २०१३च्या कायद्याने तक्रार समिती हवी, ५० असतील तिथे पाळणाघर. ही भीक नव्हे, हक्क आहे.

तज्ज्ञ डॉक्टर सहजासहजी मिळत नाहीत, म्हणून तिचा शब्द ऐकला जातो. नर्स आणि आयाबाईंचा ऐकला जात नाही. त्यांच्यासाठीही तिने विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.