काटकसर हप्त्यापासून सुरू व्हावी

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई



गेली काही वर्षे फेब्रुवारीच्या सुमारास आपली बँक आर्थिक साक्षरता सप्ताह पाळते. जमाखर्च लिहून ठेवा, गरज कोणती आणि हौस कोणती ते ओळखा, आधी बचत मग खर्च, असा उपदेश त्यात असतो. 2013 मध्ये तर बँकेने मार्गदर्शिकेसोबत आर्थिक डायरी आणि 16 भित्तिपत्रकेही काढली होती. त्यात वावगे काही नाही. पण महिन्याची मिळकतच पुरत नाही अशा घरी हा सल्ला पोचतो, तोवर तिथली काटकसर कधीच होऊन गेलेली असते, आणि तीही नको त्या जागी. कर्जबाजारी घरातला सगळ्यात ताठर खर्च हप्त्याचा असतो, आणि तो किती वाढू द्यायचा हे ठरवणारा नियम आपल्याच बँकेचा आहे. तो बदलावा, एवढ्यासाठी हे पत्र.

14 मार्च 2022 च्या निर्देशांप्रमाणे वार्षिक 3 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्मवित्तात मोडते, आणि अशा कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. या मर्यादेच्या अगदी वरच्या टोकाचे घर घेऊ. महिना 25,000 रुपये, हप्ते 12,500, हाती उरले 12,500. माणसे चार धरली तर माणशी 3,125. सरकारच्या 2023-24 च्या घरगुती खर्च सर्वेक्षणात माणशी सरासरी मासिक खर्च ग्रामीण भागात 4,122 आणि शहरात 6,996 रुपये निघाला. ग्रामीण खर्चातला सुमारे 47 टक्के भाग अन्नाचा, म्हणजे माणशी 1,900 च्या वर. त्या मापाने चौघांच्या पोटापाण्याला पावणेआठ हजार गेले की भाडे, वीज, गॅस, शाळा, एसटी आणि औषध हे सगळे पावणेपाच हजारांत बसवायचे. रेशनकार्डावर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळत असेल तर तेवढा आधार होतो, पण डाळ, तेल, दूध विकतच आणावे लागते. शिवाय हे झाले 25,000 वाल्यांचे. 15,000 मिळवणाऱ्या घरालाही टक्का तोच, म्हणजे साडेसात हजारांत चौघांनी भागवायचे. उत्पन्न जितके कमी तितका त्यातला अन्नाचा वाटा मोठा, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेलने 1857 मध्येच दाखवले होते. सरसकट 50 टक्क्यांचा नियम ते लक्षात घेत नाही.

मग कात्री कुठे लागते? घरमालक थांबत नाही. ज्या महिला गटामार्फत कर्ज घेतले, त्याच्या बैठकीत एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या बायकांच्या नजरा तिच्याकडे वळतात, आणि त्या नजरांचा धाक वसुली अधिकाऱ्याहून मोठा असतो. राहता राहिली वाण्याची यादी. दुधाची पिशवी अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर येते, पुढे चहा कोराच होतो. आमटी पातळ होते, तेल पाव-पाव किलोने सुटे येते आणि म्हणून महागही पडते. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतली जाते. घरातली बाई सगळ्यात शेवटी, उरेल ते जेवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याचे कारण एकटे कर्ज नव्हे, पण कपात होते ती अशा ताटातून. आपल्या डायरीत या खर्चाची नोंद 'वाचले' अशीच होईल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: गरीब माणसे उधळपट्टी करतात. तंबाखू आणि दारूवर खर्च होतो, नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ग्रामीण खर्चात पान-तंबाखू-नशा यांचा एकत्रित वाटा 4 टक्क्यांच्या आसपास आहे. तो उद्या शून्यावर आला, आणि यावाच, तरी 50 टक्क्यांचे भगदाड बुजत नाही. चहा, वडापाव आणि तयार खाण्यावर जवळपास 10 टक्के जातात, धान्यावर 5, हेही दाखवले जाते. पण पहाटे कामाला निघणाऱ्याने दुपारी खायचे तरी काय? दुसरा आक्षेप असा की 50 टक्के ही कमाल मर्यादा आहे, तेवढे कर्ज द्याच असे कुठे म्हटले आहे? याचे उत्तर आपल्याच कारवाईत आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये बँकेने चार वित्तसंस्थांचे कर्जवाटप थांबवले, तेव्हा अवाच्या सवा व्याजाबरोबर कुटुंबाचे उत्पन्न आणि आधीचे हप्ते नीट न तपासल्याचाही ठपका ठेवला होता. जिथे मर्यादाच पाळली जात नाही, तिथे ती इतकी सैल ठेवणे परवडणारे नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार. हप्त्याची मर्यादा आवळली तर माणूस सावकाराच्या दारात जाईल. पण अर्धी मिळकत हप्त्यात गेलेला माणूस आजही जातोच, आणि पुष्कळदा जातो तो हप्ता भरण्यासाठीच. म्हणून सुचवावेसे वाटते की माणशी काही रक्कम, उदाहरणादाखल 3,500 रुपये, आधी बाजूला काढावी आणि हप्ता फक्त उरलेल्या पैशांतून मोजावा. 50 टक्क्यांची मर्यादा वरून राहू द्यावी. चौघांच्या घरात 25,000 वर 11,000, 20,000 वर 6,000 हप्ता बसेल. 15,000 वर जेमतेम 1,000, म्हणजे कर्ज जवळपास मिळणारच नाही. हे कठोर आहे, मान्य. पण त्या घराला आणखी एक हप्ता लावून दिल्याने मिळकतीतली तूट कशी भरणार?

नियम बदलायला वेळ लागेल. तोवर येत्या सप्ताहाच्या पत्रकात क्रम तरी बदलता येईल. खर्च कापायची वेळ आली तर सर्वांत महागडे कर्ज आधी पाहा; कर्ज घेताना मिळालेल्या माहितीपत्रकात त्याचा वार्षिक टक्का छापलेला असतो. सूक्ष्मवित्त कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड लागत नाही. मिळकत घटल्यास हप्ते लांबवून मागा, तेही लेखी. दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, चौकशीसाठी क्रमांक 14448. दूध, डाळ आणि औषध यांची पाळी यानंतर.

कळावे.

आपला,
एक बँक-ग्राहक