आमची हाफ-एल्फ कुठे गेली?

मेंढीकोट कुणाच्या घरी खेळताय, यावर सगळं अवलंबून असतं. दादरच्या मावशीकडे हुकूम बंद, म्हणजे एक पान आधीच उलटं टाकून ठेवायचं. डोंबिवलीच्या काकांकडे मात्र हातात रंग नसला, की जे पान टाकाल तोच हुकूम. दोन्हीकडची मंडळी लग्नाच्या हॉलवर एकत्र आली, की पहिला अर्धा तास पत्ते वाटलेच जात नाहीत, नुसता वाद. आता कल्पना करा, अमेरिकेतल्या एका कंपनीने उद्या जाहीर केलं, की मेंढीकोटची नवी आवृत्ती आलीय, बंद हुकूम बाद, आणि नियमांचं पुस्तक चार हजारांना. मावशी काय म्हणतील, ते इथे छापता येणार नाही.

डन्जन्स अ‍ॅण्ड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांच्या आयुष्यात हे दर काही वर्षांनी खरोखर घडतं.

ज्यांना हा प्रकार फक्त 'स्ट्रेंजर थिंग्ज'मुळे ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात फण्डा. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डीएम, म्हणजे डन्जन मास्टर. तोच गोष्ट सांगणारा, तोच अम्पायर आणि तोच व्हिलन. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र. कुणी चेटूक करणारा, कुणी तलवारवाली. "मी खिडकीतून उडी मारते," असं म्हणायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. जमलं तर जमलं, नाहीतर पाय मोडला. जिंकणं-हरणं असं काही नाही, आणि एकच गोष्ट चार-चार वर्षं चालते. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी हा खेळ काढला. तेव्हापासून नियमांची पुस्तकं बदलत आली आहेत आणि प्रत्येक बदलाला खेळणाऱ्यांनी शिव्या घातल्या आहेत. या भांडणांना तिकडे 'एडिशन वॉर्स' असं रीतसर नाव आहे.

आमचं टेबल खारदांड्यात आहे. कार्टर रोड उत्तरेला जिथे संपतो, तिथून पुढे, कोळीवाड्याला लागून. रविवारी दुपारी खिडकी उघडी ठेवली, तर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो. बंद ठेवली तर पंख्याचा आवाज. आम्ही पाच जण. एक सीए, एक एचआरवाली, एक बँकेत, एक मी आणि डीएमचं काम करणारा एक अ‍ॅड एजन्सीतला कॉपीरायटर. ज्याच्या घरी बसतो त्याची आजी पहिल्या रविवारी दारात उभी राहून म्हणाली होती, "पैशांनी खेळता का रे?" नाही म्हटल्यावर तिचा आमच्यातला इण्टरेस्टच संपला.

नवीन आवृत्तीचं पहिलं पुस्तक, 'प्लेयर्स हॅण्डबुक', सप्टेंबर २०२४मध्ये आलं. डीएमचं पुस्तक नोव्हेंबरात, राक्षसांचं फेब्रुवारी २०२५मध्ये. प्रत्येकी पन्नास डॉलर, म्हणजे तिन्हींचे मिळून आपले बारा-तेरा हजार. कंपनी या आवृत्तीला सहावी म्हणायला तयार नाही. २०१४ची पाचवी आवृत्ती इतकी चालली होती, की तिला हात लावायचीच भीती. तरी बदल झालेच. 'रेस' हा शब्द जाऊन 'स्पीशीज' आला. पूर्वी तुम्ही एल्फ की बुटका यावरून अंगात ताकद किंवा चपळाई जास्त यायची. आता ते तुमच्या पात्राने आधी कोणता धंदा केला, यावरून ठरतं. हा बदल मला तरी झकास वाटतो. जन्माने कुणी हुशार आणि कुणी दांडगा, हे आपल्या देशात बसून खेळताना तसंही घशाखाली उतरत नव्हतं.

पण हॅण्डबुकातून हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क गायब झाले. म्हणजे आई माणूस, बाप एल्फ अशी पात्रं. डिझायनर मंडळींचं म्हणणं, कुणाला 'अर्धा' म्हणणं हेच मुळात वंशवादी आहे. मुद्दा चुकीचा नाही. फक्त आमच्या एचआरवालीला तो कोण सांगणार? तिचे वडील दांड्याचे कोळी, आई मंगळूरची. गेली चार वर्षं ती हाफ-एल्फ रेंजर खेळतेय. तिने पुस्तकाची अनुक्रमणिका दोनदा बघितली, मग शांतपणे विचारलं, "आमची कुठे गेली?" पुढे म्हणाली, "लहानपणी दोन्हीकडचे मला अर्धी म्हणायचे. इथे पहिल्यांदा अर्धी असण्याचे पॉइण्ट मिळत होते."

त्या रविवारी फासे पडलेच नाहीत. सीएचं म्हणणं, नवं पुस्तक घेतलंय तर पूर्ण नवं खेळा, मिसळपाव नको. बँकवाला म्हणाला, मग मी येत नाही. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल, आणि थोडंसं आहेही. पण पाच नोकरदार माणसांनी चार वर्षं दर रविवारी एकत्र येणं या शहरात किती कठीण आहे, ते बोरिवलीहून खारला येणाऱ्याला विचारा. असं टेबल एकदा फुटलं, की पुन्हा जमत नाही.

जगभर हे आधी झालेलं आहे. २००८ची चौथी आवृत्ती धाडसी होती. साध्या लढवय्यालाही जादूगारासारखे एकेक डाव दिले, लढाया आखीव केल्या. लोक खवळले. हा तर व्हिडिओ गेम झाला, म्हणाले. पहिल्या हॅण्डबुकात नोम नावाची छोटी जमात नव्हती, त्यावरूनही बोंब झाली. कंटाळलेल्यांसाठी 'पायझो' या दुसऱ्या कंपनीने जुनेच नियम घासूनपुसून २००९मध्ये 'पाथफाइण्डर' नावाने बाजारात आणले आणि चाहत्यांचा मोठा गट तिकडे गेला. गंमत म्हणजे चौथीतल्या अनेक कल्पना पुढे मागच्या दाराने परत आल्या. शत्रू अर्धमेला झाला की त्याला 'ब्लडीड' म्हणायचं, ही चौथीची आयडिया. २०२४च्या पुस्तकात ती आहे आणि तिच्यावरून कुणी ब्रसुद्धा काढला नाही.

त्यामुळे चाहत्यांचं म्हणणं नेहमी ऐकावं, असं मला वाटत नाही. या वेळी कंपनीने बदलांचे कच्चे खर्डे आधी लोकांना वाटले, सर्व्हे घेतले आणि जे लोकांना पटलं नाही ते मागे घेतलं. परिणाम काय? पुस्तक नेटकं आहे, पण धाडस म्हणाल तर कमीच. सगळ्यांना विचारून केलेल्या आमटीची चव असते ना, तशी.

पण एका गोष्टीवरचा राग मात्र मला शंभर टक्के मान्य आहे, आणि तो नियमांवरचा नाहीच. पाथफाइण्डर निघू शकला, कारण २०००मध्ये कंपनीने एक खुलं लायसन्स दिलं होतं. मूळ नियम कुणीही वापरा, त्यावर स्वतःची पुस्तकं काढा, रॉयल्टी नको. त्यावर शेकडो छोट्या लोकांची चूल पेटली. डिसेंबर २०२२मध्ये कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांनी गुंतवणूकदारांना सांगितलं, की या ब्रॅण्डमधून पुरेसा पैसा काढलाच जात नाहीये. पुढच्याच महिन्यात नव्या लायसन्सचा मसुदा फुटला. जुनं रद्द, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांकडून वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी. बस्स! लोकांनी कंपनीच्या 'डी अ‍ॅण्ड डी बियॉण्ड' या ऑनलाइन सेवेची सबस्क्रिप्शन्स रद्द करायचा सपाटा लावला. हीच सेवा हॅस्ब्रोने २०२२मध्ये १४ कोटी ६३ लाख डॉलर मोजून विकत घेतली होती. कंपनीने सर्व्हे केला, १५ हजारांहून जास्त उत्तरं आली, त्यातले ८९ टक्के जुनं लायसन्स रद्द करण्यावर नाराज. २७ जानेवारी २०२३ला कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले करून टाकले. आता ते कुणालाच परत काढून घेता येणार नाहीत.

एवढं होऊनही ऑगस्ट २०२४मध्ये दुसरा प्रयोग. बियॉण्डवरच्या तुमच्या पात्रांमधले जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू आपोआप नव्या आवृत्तीच्या होतील, असं जाहीर झालं. जुने हवे असतील, तर स्वतः टाइप करून घ्या. पैसे देऊन घेतलेले, बरं का! पुन्हा बोंबाबोंब आणि काही दिवसांत पुन्हा माघार. छापील पुस्तक असतं तर हा प्रश्नच आला नसता. माझ्या कपाटातलं २०१४चं हॅण्डबुक कुणी रात्री येऊन बदलत नाही, त्यावरचा सोलकढीचा डागसुद्धा शाबूत आहे. गाणी, सिनेमे, पुस्तकं, सगळंच आपण हल्ली भाड्याने घेतो आणि मालक असल्यासारखे वागतो. या गेमर मंडळींनी निदान करारातला बारीक टाइप वाचला.

आमच्या टेबलाचं काय झालं, तर आमच्या डीएमने दुसऱ्या रविवारी तोडगा आणला. नव्या पुस्तकातच लिहिलंय, की जुन्या पुस्तकातली जमात वापरायला हरकत नाही, फक्त ताकद-चपळाईचे पॉइण्ट नव्या पद्धतीने घ्या. मग हाफ-एल्फ राहिली. पूर्वायुष्य म्हणून तिने 'सेलर' घेतलं, खलाशी. त्याबरोबर गुत्त्यात मारामारी करण्याचं कसब फुकट मिळतं. ती म्हणाली, हे वडिलांना सांगू नका. जखमा भरायचा मंत्र नवाच घेतला, कारण त्यात एकाऐवजी दोन फासे मिळतात, नाही कोण म्हणणार? सीएला त्याच्या लढवय्यासाठी शस्त्रांचे नवे डाव हवे होते, ते दिले. बँकवाल्याचा जादूगार अजूनही २०१४मध्येच राहतो. कागदावर बघाल तर भयंकर गोंधळ आहे. चालतंय.

तसंही पुस्तकातलं सगळं आपल्याला लागू पडतंच असं नाही. या खेळात १९७५पासून 'राक्षस' नावाचा एक प्राणी आहे. तोंड वाघाचं आणि तळहात उलटे. आपल्याकडे हडळीचे पाय उलटे असतात हे ऐकलं होतं, तळहातांचं हे प्रकरण कुठून आलं देव जाणे. आमच्या डीएमने त्याला केव्हाच रजा दिली. त्याच्या गोष्टीतल्या गावाला किनारा आहे, होड्या आहेत आणि भरतीच्या वेळी पाण्यात ओढणारा गिऱ्हा आहे. त्याचे आकडे कुठल्याच आवृत्तीत सापडणार नाहीत, बँकवाल्याच्या आजोळचे किस्से ऐकून ते ठरवलेत.

तुम्हाला खेळून बघायचं असेल, तर लगेच बारा हजार घालवू नका. नव्या आवृत्तीचे मूलभूत नियमही एप्रिल २०२५पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट मिळतात. फाशांचा एक सेट घ्या, चार मित्र पकडा आणि कोण डीएम होणार ते ठरवा. रविवार मात्र आधीच बुक करून ठेवा, आणि टेबल दांड्यात असेल तर नारळी पौर्णिमेच्या आठवड्यातला सोडून.