हप्ता म्हणजे हप्ताच!

आमच्या दारव्ह्यातल्या एका बचत गटाचा हिशेब वर्षानुवर्षं वहीतच चालला. मग गटातल्या एकीच्या मुलीने घरच्या संगणकावर 'लिब्रे ऑफिस' टाकून दिलं. ते फुकट मिळतं आणि मराठीतूनही वापरता येतं. त्याच्या हिशेबाच्या तक्त्यात बेरजेसाठी 'सम', सरासरीसाठी 'ॲव्हरेज', कर्जाच्या हप्त्यासाठी 'पीएमटी' अशी सूत्रं असतात. कोणतं सूत्र काय करतं, हे एका ओळीत लिहिलेलं असतं. गटाच्या कामाच्या सूत्रांच्या इंग्रजी ओळी मराठीत उतरवून द्यायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. बी.ए. झालेय ना!

शब्दकोश उघडून बसले आणि 'पीएमटी'समोर लिहिलं, "स्थिर व्याजदरानुसार वार्षिकीचे नियतकालिक प्रदान." बैठकीत वाचून दाखवलं, तर सगळ्या गप्प. शेवटी एक मावशी म्हणाल्या, "ताई, नियतकालिक तं वाचनालयात राह्यते न जी?" हसू आलं, पण मनातून ओशाळले. इंग्रजी कळत नव्हतं ते नव्हतंच, आता माझं मराठीही कळेना!

मग सगळ्यांनी मिळून ती ओळ नव्याने लिहिली. "ठरलेल्या व्याजाने, ठरलेल्या महिन्यांत कर्ज फेडायचं, तर दर महिन्याचा सारखा हप्ता किती." खाली दोन सूचना जोडल्या. महिन्याचा हप्ता हवा, तर व्याजही महिन्याचंच टाकायचं. आणि उत्तराआधी वजाचं चिन्ह आलं तर घाबरायचं नाही, तो हातातून जाणारा पैसा आहे.

त्याच दिवशी या ओळीचा उपयोग झाला. एकीने बाहेरून 10,000 रुपये घेतले होते. व्याज महिन्याला शेकडा 2, हप्ते 10, प्रत्येकी 1,200 रुपयांचे. आम्ही तेच आकडे सूत्रात टाकले, तर हप्ता आला साधारण 1,113! फरक कशाचा? मुद्दल दर महिन्याला फिटत होतं, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवर लावलेलं होतं. म्हणजे सुमारे 1,133 रुपयांच्या जागी 2,000 रुपये व्याज. 867 रुपये जास्तीचे! शेतमजुरी करणाऱ्या बाईला विचारा, किती दिवस राबावं लागतं त्यासाठी.

नवे शब्द नकोतच, असं माझं म्हणणं नाही. सावरकरांचे 'दिनांक', 'महापौर' आपण सहज बोलतो. राज्याचं भाषा संचालनालयही 1960 पासून परिभाषेचं काम करत आलं आहे. पण मुद्दल, हप्ता, थकबाकी हे शब्द बायकांच्या तोंडी असताना त्यांना बाजूला सारून जड शब्द का आणायचे? मराठीला 2024 साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, अभिमानच आहे. पण ती हिशेबाच्या वेळीही कामी यायला हवी.

लिब्रे ऑफिसचं मराठी भाषांतर बरंचसं स्वयंसेवक करतात. त्यात आपल्यासारख्या घर सांभाळणाऱ्या बायकांनीही हात लावायला काय हरकत आहे? फक्त एक करा. लिहिलेली ओळ आधी गटातल्या सगळ्यांत कमी शिकलेल्या बाईला वाचून दाखवा. तिने मान डोलावली, की समजा भाषांतर जमलं.