नागासाकीला कधी जायचं?

गेले तीन विकांत आमच्या घरी एकच विषय चाललाय. जपानला कधी जायचं? जायचं हे नक्की. पैसेही बाजूला काढलेत (म्हणजे निघतील असं एक्सेल म्हणतंय). अडलंय ते महिन्यावर. बायकोला साकुरा बघायचाय. लेकीला, वय वर्षं आठ, बर्फ बघायचाय, आणि तो नसेल तर निदान डिस्नेलँड. ताईच्या मते मे महिन्याची सुट्टी सोडून इतर वेळी फिरायला जाणं म्हणजे मुलांच्या शिक्षणाची हेळसांड. आणि जिच्यामुळे हा बेत मुळात निघाला ती आई, वय वर्षं सदुसष्ट, शांतपणे म्हणते, "पाच फेब्रुवारी. दुसरी तारीख मला सांगू नका."

वसईत वाढलेल्या ख्रिस्ती माणसाला ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. इतरांसाठी थोडक्यात: संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. पंधरा-सोळा वर्षांचा असताना जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, मग व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानला पोचला. ५ फेब्रुवारी १५९७ ला हिदेयोशीच्या हुकमाने नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर ज्या सव्वीस जणांना क्रुसावर मारलं, त्यांतला तो एक. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. गासच्या चर्चला त्याचं नाव आहे, वसईच्या कॉलेजला त्याचं नाव आहे, आमच्या शाळेच्या वर्गात निदान दोन गोन्सालो होते. पण ती टेकडी बघून आलेला माणूस आमच्या नात्यात एकही नाही. आईला पहिलं व्हायचंय.

तर, स्टेशनजवळच्या एका टूरवाल्याकडे गेलो. फेब्रुवारी म्हटल्यावर तो माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मी भर जुलैत नालासोपाऱ्याच्या सबवेतून गाडी काढायची म्हणतोय. "सर, फेब्रुवारीत जपानला कोण जातं? बेस्ट सीझन एप्रिल, नाहीतर नोव्हेंबर." घरी येऊन आंतरजालावर शोधलं. तिथेही तेच. बारा महिन्यांचा तक्ता, एप्रिल-नोव्हेंबर हिरवे, फेब्रुवारी करडा.

माझी तक्रार या तक्त्यांबद्दल आहे. आकडे खोटे नसतात, पण तक्ता ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो आपला प्रश्न नसतो. हापिसात आम्ही रोज हेच भोगतो. सरासरी रिस्पॉन्स टाइम झकास, आणि तरी एक गिऱ्हाईक बोंबलतंय, कारण त्याच्या वाट्याला सरासरी आलेलीच नाही. "बेस्ट सीझन" ही तशीच एका काल्पनिक प्रवाशाची सरासरी आहे. ह्या इसमाला आई नाही, मूल नाही, रजेचा अर्ज करावा लागत नाही, आणि त्याला कुठलीही विशिष्ट गोष्ट बघायची नाही. त्याला फक्त बावीस अंश तापमान हवंय.

उलटं करून बघा. परदेशातल्या कुणी वसईला कधी यावं विचारलं तर कुठलाही तक्ता सांगेल, ऑक्टोबर ते मार्च. ठीक. माझा कॅनडातला आतेभाऊ नाताळात येतो, गोठे बघतो, चांदण्या बघतो, खूश होऊन परत जातो. एकदा तो हट्टाने जुलैत आला. चिंचोटीचा धबधबा, हिरवंगार तुंगारेश्वर, सगळं त्याला आठवणीतलं हवं होतं. पण ताजी पापलेटंही हवी होती! एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद असते हे पठ्ठ्या वीस वर्षांत विसरला होता. आणि जुलैतही वर्षावर्षाचा फरक. २०१८ च्या जुलैत आला असता तर लोकल बंद, वीज गायब, गुडघाभर पाणी. एकाच गावाचा एकच महिना, पण धबधब्यासाठी उत्तम, पापलेटासाठी शून्य, आणि २०१८ साली घरातून बाहेर पडायलाही नको. ह्याला तक्त्यात कुठला रंग देणार?

श्रीलंकेची तर फारच गंमत. "डिसेंबर ते मार्च उत्तम" असं सरसकट लिहिलेलं असतं. ते कोलंबो-गॉलच्या किनाऱ्यासाठी. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस त्या बाजूला पडत असतो तेव्हा पलीकडे त्रिंकोमाली कोरडं असतं, समुद्र शांत असतो. एवढ्याशा बेटाला दोन वेगवेगळे उत्तम मोसम. जपान तर ओकिनावापासून होक्काइदोपर्यंत पसरलेलं, त्याला म्हणे एकच हिरवा एप्रिल.

असो. एकेकाचं म्हणणं तपासलं.

ताईचा मे. एप्रिलअखेरीपासून पाच मेपर्यंत जपानात सुट्ट्यांची माळ लागते, तिला ते गोल्डन वीक म्हणतात. अख्खा देश फिरायला निघतो. आपली मे महिन्याची कोकण रेल्वे आठवा, फक्त रांगा जास्त शिस्तीच्या. मेच्या मध्यावर हवा खरंच छान असते हे मान्य. आईला मात्र ती छान हवा नकोच आहे.

जून-जुलैचं मला विचारा. बऱ्याच वर्षांपूर्वी प्रोजेक्टसाठी ऑनसाइट पाठवलं होतं तेव्हा मी जुलैत तिथे होतो. पाऊस काय, आपण वसईचे, अशा तोऱ्यात गेलो. त्या पावसाला ते त्सुयु म्हणतात. आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही, दिवस दिवस पिरपिर, आणि तो संपला की घामाने निथळवणारा उकाडा. पण म्हणून तो नेहमी गरीब असतो असंही नाही. २६ जुलै २००५ आपण विसरलेलो नाही, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. नागासाकीकरांची तशी तारीख २३ जुलै १९८२. शेजारच्या नागायो गावात एका तासात १८७ मिलिमीटर! एका तासात. डोंगरउतारावरची घरं दरडींखाली गेली, सुमारे तीनशे माणसं गेली. पुढे ऑगस्ट-सप्टेंबर वादळांचे. तेव्हा जून ते सप्टेंबर बाद, यावर घरात एकमत झालं. (तीन विकांतांतलं एकमेव.)

राहिला साकुरा. हा प्रतिस्पर्धी तगडा, शिवाय बायकोचा, त्यामुळे जपून लिहितो. टोकियोत हवामान खात्याचं एक नमुन्याचं झाड आहे, यासुकुनी देवळाच्या आवारात. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की बहर सुरू झाल्याचं अधिकृतपणे जाहीर होतं. टेस्ट केस असावी तर अशी. पण एकदा पूर्ण बहर आला की आठवड्याभरात खेळ खलास. आणि ही तारीख सरकतेय. क्योटोच्या बहराच्या नोंदी सुमारे बाराशे वर्षांच्या आहेत. २०२१ साली तिथे २६ मार्चलाच पूर्ण बहर आला, तोवरच्या नोंदींतला सगळ्यांत लवकरचा. दोन वर्षांनी तोही विक्रम मोडला. आपण मात्र तिकिटं सहा-आठ महिने आधी काढणार, रजा त्याच्याही आधी टाकणार. म्हणजे लाखो रुपये एका आठवड्यावर लावायचे आणि तो आठवडा कुठला हे झाड ठरवणार. पुन्हा त्या दिवसांत हॉटेलांचे भाव चढलेले.

त्यात आमची एक घरगुती अडचण. २०२७ मध्ये गुड फ्रायडे २६ मार्चला आणि ईस्टर २८ ला. पवित्र सप्ताहात आई वसई सोडेल, हे शक्यच नाही. तिच्या कॅलेंडरमध्ये साकुरा पहिल्या फेरीतच बाद झाला होता, फक्त आम्ही तिला विचारलं नव्हतं.

हे सगळं वाचताना मला गोन्सालोचीच आठवण येत होती. त्याला कुणी बेस्ट सीझन विचारला नाही, कारण तेव्हा मोसम वारा ठरवायचा. गोव्याहून एप्रिल-मेच्या सुमारास जहाज निघायचं, मलाक्का करत मकावला पोचायचं, तिथे महिनोन् महिने थांबायचं आणि पुढच्या उन्हाळ्यातला नैर्ऋत्य वारा धरून जपान गाठायचं. परतायचं ते हिवाळ्याच्या तोंडाशी वारा फिरला की. आपल्याकडे पाऊस आणतो तोच हा नैर्ऋत्य वारा! तेव्हा मोसम चुकला तर वर्ष जायचं. आपल्याला बाराही महिने विमान आहे आणि तीन विकांत वाद घालूनही महिना ठरत नाही.

शेवटचा प्रवास तर त्याने ऐन हिवाळ्यात केला. जानेवारीत क्योटोहून निघालेल्या त्या लोकांना महिनाभर, बहुतेक पायी, नागासाकीपर्यंत नेलं. लोकांना जरब बसावी म्हणून रस्त्यांवरून मिरवत. आईला फेब्रुवारी का हवाय हे मला इथे समजलं. मी तिला म्हटलं होतं, अगं टेकडी एप्रिलमध्येही तिथेच असेल, थंडीत कशाला कुडकुडतेस. ती म्हणाली, "ते बिचारे स्वेटर घालून गेले होते का? मला कळू दे ना किती थंडी होती ते."

आता ह्या वाक्याला कुठला तक्ता उत्तर देणार?

फेब्रुवारीचे तोटे लपवत नाही. नागासाकीला दिवसा दहा-बारा अंश, रात्री चार-पाच, वर समुद्रावरचा वारा. इथे पहाटे सोळा झाले की आमची कानटोपी निघते. सहाच्या सुमारास अंधार. शहर चढउतारांचं आणि आईचे गुडघे कुरकुरणारे. पण निशिझाका स्टेशनपासून चालत पाचेक मिनिटांवर आहे. १९६२ मध्ये, संतपदाच्या शताब्दीला, तिथे स्मारक आणि संग्रहालय झालं. ब्राँझमध्ये सव्वीस जण ओळीने उभे आहेत, त्यांत आमचा वसईकर. फुकुओकाहून येतानाही आता मधे एकदाच गाडी बदलावी लागते, तीही समोरच्याच फलाटावर. २०२२ पासून शेवटच्या टप्प्यात शिंकान्सेन आहे. टोकियो-क्योटो वगळून फक्त क्युशू केलं तर देशभराचा रेल्वे पासही नको, ज्याची सात दिवसांची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० झाली.

कुणी नवविवाहित मित्राने विचारलं तर मी अजूनही एप्रिलच सांगेन. पण ज्या घरात सदुसष्ट वर्षांची बाई एका तारखेसाठी चाळीस वर्षं थांबलीय, तिथे "जरा चांगला सीझन बघून जाऊ" म्हणणं मला आता जवळजवळ उर्मटपणा वाटतो. चांगला सीझन दर वर्षी येतो. तिचे गुडघे दर वर्षी तेच राहतील याची कुठल्या ॲपमध्ये सोय नाही.

काल रात्री बायकोपुढे प्रस्ताव ठेवला. साकुरा नाही, पण फुलं मिळतील. फुकुओकाजवळ दाझाइफुच्या देवळात सहा हजार उमेची झाडं आहेत, फेब्रुवारीतच फुलतात. तिने फोटो बघितले, म्हणाली, "गुलाबीच दिसतायत की." पुढे हळूच, "पण साकुराला पुन्हा जायचं." हो म्हटलं. ताई अजून रुसलेली आहे. ५ फेब्रुवारी २०२७ ला शुक्रवार येतो, लेकीच्या बाईंना आठवडाभराच्या रजेची चिठ्ठी द्यायचीय. दुसऱ्याच दिवशी चिनी नववर्ष असल्यामुळे नागासाकीत कंदिलांची धामधूम असायची शक्यता, म्हणजे हॉटेल लवकर बघायला हवं. लेकीला सांगितलंय की उन्झेनच्या डोंगरावर हिवाळ्यात झाडांवर पांढरं बर्फ गोठतं. ती खूश आहे. डिस्नेलँड टोकियोजवळ आहे, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.