आधी निदान, मग ‘फॉरमॅट’!

घरातले वाय-फाय चालू आहे, भावाचा मोबाइल सुरळीत चालला आहे आणि आपला लॅपटॉप मात्र काही केल्या जोडला जात नाही, हा अनुभव आज बहुतेकांच्या वाट्याला येतो. त्यातून परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असला म्हणजे विचारायलाच नको! अशा वेळी आपण काय करतो? दिसेल ते बटण दाबतो आणि अखेर लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेतो. तेथे ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे ऐकले, की मान डोलावतो. यंत्र सुरू होते. पण वर्षभराच्या टिपणांची आणि प्रकल्पाची त्यात आहुती पडते. सुशिक्षितांना ही सवय शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रयोगशाळेत आपण काय शिकतो? बाकीचे घटक कायम ठेवून एका वेळी एकच घटक बदलावा आणि निरीक्षण वहीत टिपावे. हीच रीत येथे लावली तर?

पहिला प्रश्न : दोष लॅपटॉपचा की राउटरचा? मोबाइलवर तपासून पाहावे. मात्र त्याचा मोबाइल डेटा आधी बंद करावा, नाहीतर साक्षीदारच खोटा ठरायचा! मोबाइललाही वाय-फायवरून काही मिळत नसेल, तर लॅपटॉपवर राग काढण्यात अर्थ नाही. राउटर बंद करून चालू करावा, नाहीतर बाहेरून येणारी लाइन तपासून घ्यावी.

मोबाइल चालत असेल, तर दुसरा प्रश्न : लॅपटॉपच्या यादीत घरच्या वाय-फायचे नाव दिसते का? दिसत नसेल, तर विमान-मोड चुकून चालू नाही ना, हे पाहावे. काही जुन्या लॅपटॉपना फक्त २.४ गिगाहर्ट्झची लहर कळते. राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर लावलेला असेल, तर त्यांना ते नाव दिसणारच नाही. शिवाय ५ गिगाहर्ट्झची लहर जाड भिंतींतून कमी पोहोचते, हे आपल्याकडच्या जुन्या घरांत राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

नाव दिसते पण जोडणी होत नाही? मग जुना पासवर्ड साठवलेला असण्याचा संभव आहे. ते नाव ‘विसरायला’ लावून पासवर्ड नव्याने घालावा. २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षा-पद्धतही जुन्या यंत्रांना अनेकदा मानवत नाही.

जोडणी होते पण इंटरनेट नाही? लॅपटॉपचा आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि यंत्राने तो स्वतःच ठरवून घेतला आहे, असे समजावे.

यांपैकी एकाही तपासणीसाठी साठवलेली एकही फाइल पुसावी लागत नाही. एवढे करूनही यश आले नाही, तर दुकानात अवश्य जावे. कारागिराच्या कौशल्याला माझा विरोध नाही. मात्र काय काय तपासले ते कागदावर लिहून न्यावे, फाइलींची प्रत आधी काढून घ्यावी आणि ‘नेमका दोष कोणता?’ हे विचारल्याशिवाय फॉरमॅटला संमती देऊ नये. प्रश्न विचारण्याची ही सवय वर्गात लागते, ती घरीही चालवायला काय हरकत आहे?