मुक्त संचारात कथा हरवते का?

व्हिडिओ गेममधून गोष्ट सांगण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. एकरेषीय कथनात प्रसंगांचा क्रम रचनाकार ठरवतो आणि प्रत्येक खेळाडूला तीच गोष्ट त्याच क्रमाने भेटते. नॉटी डॉग या अमेरिकी स्टुडिओचा ‘द लास्ट ऑफ अस’ (२०१३) हे या रीतीचे ठळक उदाहरण. दुसऱ्या रीतीत सबंध प्रदेश खुला असतो. कुठे जायचे, आधी काय पाहायचे आणि कशाकडे पाठ फिरवायची, हे खेळाडू ठरवतो. निन्टेंडोचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) या वर्गात मोडतो.

मुक्त संचार आणि सकस कथा एकत्र नांदत नाहीत, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला तीन आधार दिले जातात. पहिला क्रमाचा : क्रम खेळाडूच्या हाती गेला की कार्यकारणाची साखळी तुटते. दुसरा अटळतेचा : शोकांतिकेत पात्राला सुटका नसावी लागते, आणि मोकळीक दिली की सुटकाही दिल्यासारखी होते. तिसरा गतीचा : संकट दाराशी उभे असताना नायक भलत्याच उद्योगात रमतो.

आक्षेप पोकळ नाही. ‘द लास्ट ऑफ अस’च्या शेवटी नायक जोएल एली या मुलीला वाचवण्यासाठी शस्त्रक्रियागृहात घुसतो. समोरच्या सर्जनला मारल्याखेरीज गेम पुढे सरकत नाही. खेळाडूला ते कृत्य पटो वा न पटो, बटण त्यालाच दाबावे लागते. इथे पर्याय नसणे हाच प्रसंगाचा अर्थ आहे. पर्याय दिला असता तर प्रसंगाचा कणाच मोडला असता. पण एकरेषीय कथनाचे हे बळ मान्य केल्याने मुक्त संचार दुबळा ठरत नाही.

क्रमाचा आक्षेप दोन वेगळ्या गोष्टी एक मानतो : घटना घडण्याचा क्रम आणि त्या कळण्याचा क्रम. रहस्यकथेत खून आधी होतो, उलगडा मागाहून. वाचकाला त्यात काही खटकत नाही. लुकास पोप यांचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) याच फरकावर उभा आहे. १८०७ साल. बेपत्ता झालेले एक व्यापारी जहाज निर्मनुष्य अवस्थेत परत आले आहे, आणि ईस्ट इंडिया कंपनीचा विमा निरीक्षक त्यावर चढतो. त्याच्याजवळचे खिशातले घड्याळ मृतदेहापाशी उघडले की मृत्यूचा क्षण गोठलेल्या दृश्यात दिसतो. जहाजावरच्या साठ जणांपैकी कोण कोण होते आणि प्रत्येकाचे काय झाले, हे वहीत नोंदवायचे असते. शेवटच्या घटना आधी दिसतात, मूळ कारणे मागाहून. कुणाची बोली, कुणाचा गणवेश, कुणाची झोपण्याची जागा, अशा खुणा जुळवत खेळाडू कार्यकारणाची साखळी स्वतः ओवतो. म्हणजे ती तुटत नाही. ती जोडणे हाच इथला खेळ होतो.

अटळतेच्या आक्षेपाला ‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९) हा मोबियस डिजिटलचा गेम उत्तर देतो. त्यात एक छोटी सूर्यमाला पहिल्या उड्डाणापासून खुली आहे. बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि काळ पुन्हा आरंभाशी येतो. नवी शस्त्रे नाहीत, वाढणारी ताकद नाही. एका फेरीतून दुसरीत जाते ते फक्त ज्ञान. जुळ्या ग्रहांपैकी एकावरची वाळू हळूहळू दुसऱ्यावर ओतली जाते : एकीकडच्या गुहा बुजत जातात, दुसरीकडचे मनोरे उघडे पडतात. त्यामुळे कुठे जावे याइतकेच केव्हा जावे हेही ओळखावे लागते. नोमाई नावाच्या लोप पावलेल्या जमातीचे भिंतींवरचे लेख वाचत गेल्यावर संशय येतो, की सूर्याचा स्फोट त्यांच्याच यंत्राने घडवला असावा. मग खेळाडू त्या यंत्रापर्यंत मोठ्या कष्टाने पोचतो, आणि तिथे कळते की यंत्राचा सूर्यावर काही परिणाम झालाच नाही. सूर्य त्याच्या वयाने मरतो आहे. थांबवण्याजोगे काही उरलेले नाही. जोएलची अटळता रचनाकार लादतो. इथली अटळता खेळाडू स्वतः शोधून काढतो, सगळे मार्ग धुंडाळून झाल्यावर. शोकांतिकेला लागते ते भान दोन्हीकडे आहे, वाट तेवढी वेगळी.

गतीचा आक्षेप मात्र काही गेमना खरोखर लागू पडतो. ‘द विचर ३’ (२०१५) मध्ये नायक गेराल्टला सिरी या मुलीचा शोध तातडीने घ्यायचा असतो, पण गावोगावी ग्वेंट हा पत्त्यांचा डाव मांडून बसायलाही त्याला कुणाची आडकाठी नाही. दोष मोकळ्या प्रदेशाचा नव्हे. एकरेषीय कथेची घाई मोकळ्या नकाशावर जशीच्या तशी आणून ठेवली, याचा आहे. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने ही अडचण मुळातच टाळली. तिथला सर्वनाश शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे आणि नायक लिंक स्मृती हरवून जागा होतो. आठवणींची ठिकाणे हव्या त्या क्रमाने गाठता येतात. कथेचा गाभा भूतकाळात असल्याने वर्तमानातली भटकंती तिला छेद देत नाही.

उलट टोकाचा दावाही टिकत नाही : एकरेषीय गेम म्हणजे बटणे दाबत पाहिलेला चित्रपट. ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ (२०१७) मध्ये मासळीच्या कारखान्यात काम करणाऱ्या लुइसचा प्रसंग आहे. खेळाडूचा एक हात एकामागून एक मासा कापत राहतो, दुसरा हात लुइसच्या कल्पनेतल्या राज्यात वाट चालतो. ते राज्य हळूहळू पडदा व्यापते आणि कापणारा हात सवयीने चालू राहतो. मनाचे हे दुभंगणे खेळाडूच्या बोटांत उतरते. नुसते पाहून ते कळले नसते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) देखील एकरेषीयच आहे. धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीच्या गोष्टीला ती सरळ वाट शोभते.

तेव्हा निवड कथा की स्वातंत्र्य अशी नाही. ज्या कथेचे मर्म पात्राच्या एखाद्या निर्णयात आहे, तिला ठरलेली वाट द्यावी. ज्या कथेचे मर्म घडून गेलेल्या गोष्टी समजून घेण्यात आहे, तिला मोकळा प्रदेश द्यावा. मुक्त संचारात रचनाकार बाजूला होत नाही. क्रमावरचा हक्क सोडून तो प्रत्येक जागी अर्थ पेरतो, आणि हे काम अधिक कठीण आहे. गेम फसला तर त्याने कथेला चुकीची वाट दिली का, हे आधी तपासावे. स्वातंत्र्याला दोष देणे त्यानंतरचे.