रक्तातच असावे लागते?

पावसाळा सुरू झाला, की सातारा-सांगलीच्या गावांतून सर्पदंशाच्या बातम्या येऊ लागतात. उसातली भांगलण, भाताची लावण, जनावरांसाठी गवत कापणे ही सारी कामे अशा जागी चालतात, की जेथे उंदीर असतात आणि उंदरांमागोमाग साप येतो. सांगली जिल्ह्यातले शिराळा तर नागपंचमीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. अशा बातम्यांबरोबर एक वाक्य हमखास ऐकू येते: "अमक्या घराण्याच्या रक्तातच विष उतरवण्याची शक्ती आहे." हेच वाक्य दुसऱ्या वेषात शाळेतही येते. "गणित त्याच्या रक्तातच आहे." किंवा त्याहून वाईट म्हणजे, "शिक्षण तुमच्या रक्तातच नाही."

गंमत अशी, की सापाचे विष निष्प्रभ करणारा पदार्थ खरोखरच रक्तात असतो. तो रक्तात कसा येतो हे पाहिले, तर हे वाक्य किती पोकळ आहे ते कळेल.

सर्पदंशावर दवाखान्यात जे इंजेक्शन देतात त्याला आपण 'लस' म्हणतो. पण ती लस नव्हे. लस आपल्या शरीराला प्रतिपिंडे तयार करायला शिकवते आणि त्याला दिवस, आठवडे लागतात. नाग तेवढी सवड देत नाही. म्हणून दुसऱ्याने तयार केलेली प्रतिपिंडे उसनी घ्यावी लागतात. हा दुसरा म्हणजे घोडा. मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी फार वर्षांपासून जोडलेले आहे. घोड्याला नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांचे विष प्रथम अगदी अल्प आणि मग हळूहळू वाढत्या मात्रेत टोचतात. काही आठवड्यांनी त्याच्या रक्तात या विषांना पकडणारी प्रतिपिंडे भरपूर होतात. ती वेगळी काढून शुद्ध करतात. या प्रतिविषाचा १ मिलिलिटर नागाचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो. कुपी १० मिलिलिटरची, म्हणजे एका कुपीने ६ मिलिग्रॅम. आता रुग्णाला सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या का द्याव्या लागतात, याचा हिशेब तुम्हीच करा.

टोचण्यापूर्वी घोड्याच्या रक्तात हा साठा नव्हता. मग तो आला कोठून?

रक्तात बी-पेशी नावाच्या असंख्य पांढऱ्या पेशी फिरत असतात. प्रत्येकीच्या पृष्ठभागावर वेगळ्या आकाराचे प्रतिपिंड असते. विषाच्या रेणूशी ज्यांचे जुळते त्या पेशी वाढतात आणि त्यांतील काहींचे रूपांतर प्लाझ्मा पेशींत होते. प्रतिपिंडे तयार करणारी पेशी हीच, हे स्वीडनच्या ॲस्ट्रिड फॅग्रेयस या संशोधिकेने १९४८ साली दाखवून दिले. एक प्लाझ्मा पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडे बाहेर टाकते!

घोड्याच्या यकृताच्या पेशीत आणि या पेशीत जनुके जवळजवळ तीच असतात. पण यकृतात प्रतिपिंडांची जनुके मुकी असतात. एकाच ग्रंथालयातून एकाने पाकशास्त्र वाचावे आणि दुसऱ्याने यंत्रशास्त्र, तसे हे आहे. जनुक असणे वेगळे आणि ते वाचले जाऊन त्याबरहुकूम प्रथिन तयार होणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. बी-पेशीची प्लाझ्मा पेशी होताना ब्लिंप-१ नावाचे प्रथिन जुनी कामे आणि पेशीविभाजन बंद करते, तर एक्सबीपी-१ हे प्रथिन प्रथिननिर्मितीचा कारखाना वाढवते. मग पेशीत लिहिल्या जाणाऱ्या संदेशांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या प्रतिपिंडाचेच असतात.

याहून मोठी गोष्ट जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ साली प्रयोगाने दाखवली. प्रतिपिंडाचे पूर्ण जनुक आईबापांकडून येतच नाही. येतात ते सुटे तुकडे. प्रत्येक बी-पेशी ते आपल्यापुरते कापून जोडून घेते. या शोधाबद्दल त्यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे विषाला पकडणारे जनुकदेखील त्या घोड्याच्या हयातीतच जुळले. ते पिलाकडे जात नाही. अशा घोडीच्या शिंगराला पहिल्या चिकातून, म्हणजे ज्याचा आपण खरवस करतो तशा चिकातून, काही प्रतिपिंडे मिळतात. पण ती काही महिन्यांत संपतात. शिंगरू पुन्हा कोरेच!

आता याची दुसरी बाजू पाहा. कधी कधी एखादी प्लाझ्मा पेशी थांबणे विसरते. काही रुग्णांत पेशीवाढीचे एखादे जनुक तुटून प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी येऊन बसते. तेथील बटण सतत चालू असल्याने तेही चालू राहते. त्या एका पेशीची प्रजा अस्थिमज्जेत माजते आणि एकच निरुपयोगी प्रतिपिंड ओतत राहते. हा मल्टिपल मायलोमा नावाचा कर्करोग होय. त्यात हाडे ठिसूळ होतात, मूत्रपिंडे बिघडतात. रक्तात प्रतिपिंडांचा पूर, पण कामाचे मोजकेच, म्हणून साधा जंतुसंसर्गही जड जातो. हा बिघाडसुद्धा बहुधा जन्मतः नसतो, तो आयुष्यात घडतो.

जन्माने काहीच मिळत नाही, असे मी म्हणत नाही. हिमोफिलिया, सिकलसेल हे आजार आनुवंशिक आहेतच. प्रतिपिंडांवरून गणिताविषयी सिद्धांत मांडणेही चूक ठरेल. पण ज्या रक्ताचा दाखला देऊन माणसांना वर-खाली बसवले जाते, त्या रक्ताचीच साक्ष काढली, तर ते सांगते: माझ्यात काय आहे ते पुष्कळसे मला काय भेटले यावर ठरले.

म्हणून शिक्षकांना माझे सांगणे आहे. आनुवंशिकता शिकवताना मेंडेलच्या वाटाण्यावर थांबू नका. जनुके मिळतात कशी याबरोबर ती बोलतात केव्हा आणि गप्प बसतात केव्हा, हेही सांगा. अर्धा धडा शिकलेला विद्यार्थी "रक्तातच असावे लागते" हे वाक्य विज्ञान समजून घरी नेतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. मंत्राने बरे झालेले लोक भेटतात, कारण पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असे नाही. पण विष भिनले असेल, तर देवळापुढे गेलेला तास परत येत नाही. कोणाला साप चावला, तर जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. चावलेला अवयव न हलवता त्या माणसाला ताबडतोब प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. वाटेत कोणी घराण्याच्या रक्ताची गोष्ट काढलीच, तर नम्रपणे सांगा, "रक्तातच औषध आहे खरे, काका. पण ते घोड्याच्या, आणि त्यालाही ते कमवावे लागले!"